पायरी नऊ ते चौदा

माझी आत्या एका इस्पितळासाठी टायपिंग करते. डॉक्टर एक्स-रे किंवा सोनोग्राफी बघून जे बोलतात ते रेकॉर्ड होतं, ते रेकॉर्डिंग तिच्याकडे येतं आणि ती ते ऐकून रिपोर्ट तयार करते. हे काम ती एकवीस वर्षं करतेय, त्यातली शेवटची अकरा घरून. तिला दिसत नाही. चार वर्षांची असताना मोठा ताप आला होता, त्यात दृष्टी गेली. त्याआधीचं काय आठवतं असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "एक हिरवा दरवाजा. पण कुणाच्या घरचा ते आठवत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नाही."

आधी ती त्याच इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं तेव्हा तिला काढून टाकलं नाही, पण कामही दिलं नाही. ती सकाळी नऊला जायची, रेकॉर्डच्या खोलीतल्या एका स्टुलावर बसायची आणि पाचला परत यायची. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मग तिथल्या हेडक्लार्कच्या लक्षात आलं की जिन्यावरून कोण डॉक्टर बोलत चाललाय हे ही बाई न चुकता सांगते. त्याने तिच्या कानाला हेडफोन लावून बघितला. सहा महिन्यांत ती त्या खोलीत सगळ्यात वेगाने टाइप करणारी झाली.

डॉक्टरांना बहुतेक तिचा चेहरा माहीत नाही, पण तिला ते सगळे पाठ आहेत. एक जण बोलताना सतत काहीतरी चघळतो. एक जण गाडी चालवता चालवता रिपोर्ट सांगतो आणि मध्येच पुढच्या गाडीवाल्याला शिव्या घालतो. त्या शिव्या गाळायच्या की ठेवायच्या, असं आत्याने सुरुवातीला वरिष्ठांना लेखी विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

ज्या लॅपटॉपची ही गोष्ट आहे तो तिने घरून काम सुरू झालं तेव्हा घेतला. दुकानात बाबा तिला घेऊन गेले होते. विक्रेता तिला पडद्याबद्दल सांगत सुटला, रंग किती खरे दिसतात, उन्हातसुद्धा कसा चमकत नाही. आत्याने विचारलं, "पडदा नसलेला मिळेल का?" मग तिने दुकानातल्या प्रत्येक लॅपटॉपवरून सावकाश बोटं फिरवली. शेवटी जो घेतला तो सगळ्यात जाडजूड आणि जड होता. त्याची बटणं खोल होती, प्रत्येकाला वेगळी कड होती, इन्सर्टचं बटण स्वतंत्र होतं आणि मागच्या बाजूला जुन्या पद्धतीची, नऊ पिनांची एक रुंद खाच होती. तिचं पेडल त्या खाचेत बसायचं.

हे पेडल महत्त्वाचं आहे. शिवणयंत्राला असतं तसंच, पण वहीएवढं. पायाने दाबलं की रेकॉर्डिंग चालतं, सोडलं की थांबतं, टाचेकडून दाबलं की चार शब्द मागे जातं. एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. आत्याने त्याचा वेग एवढा वाढवलेला असतो की दुसऱ्या कुणाला त्यातला एक शब्द कळत नाही. आई म्हणायची, मुंग्या भांडतायत.

आईबद्दलही सांगायला हवं. आई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करते. आलेल्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि तयार कपडे नंबर बघून काढून द्यायचे. आत्या बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आईची नणंद. दोघी सव्वीस वर्षं एका घरात राहतायत. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने घर झाडताना एक खुर्ची बोळात सरकवली आणि तिथेच विसरली. आत्या तिच्यावर आपटली, पुढचा एक दात तुटला. कुणी कुणाला काही बोललं नाही. खुर्चीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या दिवसापासून आई घरात प्रत्येक वस्तू होती तिथेच ठेवते, आणि सव्वीस वर्षं सतत जपून वागावं लागल्याचा जो काही राग असतो तो मनात ठेवते. आत्या सकाळी सहा ते सात स्वयंपाकघर वापरते, आई सातच्या पुढे. भांडण असं कधी झालं नाही, तेवढं त्यांचं बोलणंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी इस्पितळातून सुपरवायझरचा फोन आला. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम हवी, पहिल्या तारखेपासून जुन्या सिस्टीमवर फायली उघडणार नाहीत. हातात सात आठवडे होते. आत्याने तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. त्याने सांगितलं की हा कॉम्प्युटर पात्र नाही: प्रोसेसर जुना आहे आणि सुरक्षेची जी चिप लागते ती मागच्या पिढीची आहे.

"आम्ही नवीन लॅपटॉप पाठवतो, ताई," सुपरवायझर म्हणाली. "हलका आहे. तुम्हाला आवडेल."

तो आला. हलका होताच. बटणं सपाट, एकमेकांना चिकटलेली. स्क्रीन रीडरच्या निम्म्या आज्ञा इन्सर्टच्या बटणाने सुरू होतात आणि इथे इन्सर्टसाठी दोन बोटं लागायची. पेडलची खाच नव्हती, म्हणून एक जोडणीची तार लावून दिली होती. त्या तारेतून पेडल चालायचं, पण किंचित उशिरा. पाय दाबायचा आणि अर्ध्या सेकंदाने आवाज सुरू व्हायचा. सोडायचा आणि अर्ध्या सेकंदाने थांबायचा. दिवसाला चाळीस रिपोर्ट व्हायचे ते चोवीसवर आले. आत्याने तक्रार केली नाही, सवय होईल म्हणाली.

आठव्या दिवशी तो चघळणारा डॉक्टर फोनवर आला. त्याने आजवर कधी फोन केला नव्हता. "बाई, मी 'गाठ दिसत नाही' म्हणालो होतो. तुम्ही 'गाठ दिसते' लिहिलंय. सही करायच्या आधी वाचलं म्हणून बरं."

आत्याने रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तो शब्द त्या अर्ध्या सेकंदात गेला होता. एकोणीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. तिने त्या दिवसाचे आणि आधीच्या सात दिवसांचे सगळे रिपोर्ट पुन्हा ऐकून तपासले, आणखी चूक सापडली नाही, आणि नवीन लॅपटॉप खोक्यात घालून परत पाठवला.

"मग आता काय करणार?" सुपरवायझरने विचारलं.

"सिस्टीम नवीन पाहिजे ना?"

"हो."

"मशीन नवीन पाहिजे असं कुठे लिहिलंय का?"

सुपरवायझरने नियम काढून वाचला. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. "पण ताई, त्याच्यावर ती चालतच नाही ना!"

"बघू," आत्या म्हणाली.

न दिसणाऱ्या लोकांचा एक ईमेलचा गट आहे, आत्या त्यात बरीच वर्षं आहे. तिथे रेडिओ दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. सगळे त्याला तारवाला म्हणायचे. त्याने पात्र नसलेल्या मशीनवर नवीन सिस्टीम चढवली होती, एकदा नाही, अकरा वेळा. सिस्टीम चढवणारा प्रोग्रॅम आधी मशीनचं वय तपासतो. तेवढी तपासणीच काढून टाकलेली प्रत एका पेनड्राइव्हवर करायची आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. त्याने आत्याला एकतीस पायऱ्यांची यादी पाठवली. खाली लिहिलं होतं: "पायरी नऊ ते चौदा आवाज नसतो. त्या वेळी सिस्टीम अजून उभी राहिलेली नसते. चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बोलण्याची सोय आहे, पण तुमच्या मॉडेलचं साउंड त्याला सापडत नाही. शेजारी डोळस माणूस बसवावा. शक्यतो कमी बोलणारा."

पहिला विचार तिने माझा केला. मी दुसऱ्या शहरात असतो. आम्ही एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर सराव करून बघितला. आत्याने फोन डब्याला टेकवून उभा केला होता. मला अर्धा पडदा, खिडकीचं ऊन आणि तिची हनुवटी दिसत होती. फोनमध्ये छापलेलं वाचून दाखवणारं ॲपही तिच्याकडे होतं. ते अक्षरं वाचायचं, पण कुठली ओळ निवडलेली आहे, म्हणजे कुठल्या ओळीवर रंगीत पट्टी आहे, ते त्याला सांगता येत नव्हतं. आणि या सगळ्या कामात पट्टी कुठे आहे हाच तर प्रश्न असतो. बाबा ट्रक चालवतात. ते अकरा दिवसांच्या खेपेवर होते.

घरात डोळस माणूस एकच उरलं होतं.

पुढचं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय. जिथे दोघींचं जुळत नाही तिथे तसं सांगतो.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळचं आटोपल्यावर आत्या बोळातून आईच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हाला दोन तास वेळ आहे का? मला पडदा वाचून हवाय."

आई सांगते की तिला आधी वाटलं, खिडकीच्या पडद्याला काही लागलंय.

ती स्टूल घेऊन आत्याच्या टेबलाशी बसली. त्या खोलीत बसायची तिची ही पहिलीच वेळ. आत्याने सगळ्या कामाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवली होती. तिने पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप बंद केला आणि आईला समजावलं, "आता मी चालू करून एक बटण दाबत राहणार. काय दिसतं ते सांगा."

लॅपटॉप सुरू झाला.

"काळं आहे," आई म्हणाली. "काळंच आहे. काहीतरी आलं. गेलं."

"काय आलं?"

"वाचेपर्यंत गेलं ना!"

परत केलं. परत गेलं. तिसऱ्यांदा आईने नुसती डाव्या कोपऱ्यावर नजर रोखून धरली आणि यादी आल्याबरोबर वाचली. दुसरी ओळ पेनड्राइव्हची होती. आत्याने एकदा खाली, मग एंटर केलं. ही नववी पायरी.

मग पाटीमागून पाटी येत गेली. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला. आणि इथेच दोघींचं वाजायला लागलं, कारण आई दुकानात बोलते तसं बोलत होती. गिऱ्हाइकाला सगळी पावती वाचून दाखवायची नसते, कामापुरतं सांगायचं असतं.

"'पुढे' असं बटण आहे," आई म्हणायची.

"आणि?"

"आणि काही नाही. थोडं बारीक लिहिलंय."

"ते वाचा."

"महत्त्वाचं नाहीये ते."

"वहिनी, ते महत्त्वाचं आहे की नाही ते मी ठरवते."

मग ठासून, शाळेत शिक्षा म्हणून वाचायला लावतात तसं आई सगळं वाचायला लागली. तपासणी काढून टाकणाऱ्यांनीही एक लांबलचक पाटी घातली होती, तिच्या मध्यावर ती थांबली.

"वन्सं, इथे लिहिलंय की ही पद्धत अधिकृत नाही. मशीनचं काही नुकसान झालं, काम गेलं, तर कुणीही जबाबदार नाही."

"माहीत आहे. पुढे."

"अहो, कुणीही म्हणजे कुणीही नाही!"

"वहिनी, पुढे."

बाराव्या पायरीला सिस्टीम कुठे चढवायची ते निवडायचं असतं. लॅपटॉपच्या डिस्कचे भाग ओळीने दिसतात, त्यातला मोठा निवडायचा आणि साफ करायचा. आत्याने आधीच सांगून ठेवलं होतं की तो साडेचारशेच्या आसपासचा असेल. आईने आकडे वाचले. दुसऱ्या ओळीत चारशे चौसष्ट होते. आत्याने गृहीत धरलं की पट्टी पहिल्या ओळीवर असणार, म्हणून तिने बाण एकदा खाली दाबला, टॅब दाबत 'साफ करा'च्या बटणापर्यंत गेली आणि एंटरवर बोट ठेवलं.

पट्टी पहिल्या ओळीवर नव्हती. ती आधीच तिसरीवर होती, आणि बाण दाबल्यावर चौथीवर गेली. चौथ्या ओळीत नऊशे एकतीसचा आकडा होता. ती बाहेरची डिस्क, जिच्यावर एकोणीस वर्षांचं सगळं ठेवलेलं होतं. सहाव्या पायरीत तारवाल्याने स्पष्ट लिहिलं होतं की पेनड्राइव्ह सोडून बाकी सगळं काढून ठेवा. आत्या ती पायरी विसरली होती.

"अगं, हात काढ!" आई ओरडली. "हात काढ आधी!" आणि आत्याचं मनगट धरून तिने हात बटणावरून उचललाच.

आत्या म्हणते, एवढं काही झालं नव्हतं. एंटर दाबल्यावर ते एकदा विचारतं की नक्की साफ करू का. मी म्हटलं, मग तू नाही म्हणाली असतीस? त्यावर ती म्हणाली, "नाही. मी हो म्हणाले असते. मला वाटत होतं की मी बरोबर ओळीवर आहे."

"तुला कसं कळलं?" मी नंतर आईला विचारलं.

"त्यात काय? चारशे चौसष्ट मागितला होता आणि पट्टी नऊशे एकतीसवर. दिवसभर दुसरं काय करते मी? उद्या कुणाचा कोट कुणाला देऊन बसले तर?"

बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवली. यादी परत वाचली गेली, या वेळी पट्टीसकट. सिस्टीम चढायला लागली. दुपारी दीड वाजता लॅपटॉप आपोआप बंद होऊन सुरू झाला, आणि आईने सांगितलं की नवीन चित्र आलंय.

"कसलं?"

"निळं काहीतरी. चुरगळलेली चादर असते ना तसं. इस्त्री न केलेलं."

इथे आवाज यायला हवा होता. चौदावी पायरी संपली होती. आत्याने स्क्रीन रीडर सुरू करायची बटणं दाबली. मग पुन्हा दाबली. हेडफोन काढून परत खोचला. आई म्हणाली की कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे आणि त्याच्यावर लाल फुली आहे.

जुन्या मशीनच्या साउंडला जो छोटा प्रोग्रॅम लागतो तो नवीन सिस्टीममध्ये नव्हता, आणि ज्या कंपनीने लॅपटॉप बनवला होता तिने त्या मॉडेलचं पानच काढून टाकलं होतं. आत्याने फोनवरून तारवाल्याला लिहिलं. तो सकाळी सहाला एकदाच ईमेल बघायचा. सोमवारी त्याचं उत्तर आलं: जवळ आहे, शोधून पाठवतो. कुठल्या डिस्कवर ठेवलंय ते शोधायला त्याला मंगळवार उजाडला.

आत्याने इस्पितळाला रजा कळवली. एकोणीस वर्षांत ती आजारी पडली तेव्हाही असं दोन-तीन दिवस ओळीने बसून राहिली नव्हती. पण बाकीच्या सतरा पायऱ्यांतल्या बऱ्याच आवाजावाचून करता येत होत्या, फक्त वाचणारं कुणी हवं होतं. म्हणून सोमवारी आई दुकानातून आली, हातपाय धुतले आणि न सांगता स्टूल घेऊन टेबलाशी जाऊन बसली.

त्या दोन संध्याकाळी तिने वाचायची रीत शिकून घेतली. आधी बटणाचं नाव सांगायचं, मग ते बटण आहे हे सांगायचं. किती पर्याय आहेत ते आधी सांगायचं, मग ते एकेक वाचायचे. पट्टी कुठे आहे ते न विचारता सांगायचं. "तुमच्या त्या मुंग्यांइतक्या वेगाने मला नाही जमणार हां," ती म्हणाली. आत्या म्हणाली, सावकाशच बरं, मलाही विचार करायला वेळ मिळतो.

सोमवारी एक मोठी फाइल उतरत होती. टक्के वाढताना आई सांगत होती आणि बत्तीसवर ते अडकलं. बराच वेळ बत्तीसच. मध्येच आई म्हणाली, "ती खुर्ची मी मुद्दाम नव्हती ठेवली."

"माहीत आहे," आत्या म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

आईने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तेहतीस झालं."

हे मला आईने सांगितलं. आत्याने हा प्रसंग कधी सांगितला नाही आणि मीही काढला नाही.

मंगळवारी तारवाल्याची फाइल आली. ती चढवताना सिस्टीमने तांबडी पाटी दाखवली, की हे कुणाचं आहे ते ओळखता येत नाही, धोका असू शकतो. आईने ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि या वेळी मध्ये थांबली नाही. पाटीखाली दोन बटणं होती. "तरीही चढवा, बटण. उजवीकडे. पट्टी डावीकडच्यावर आहे." आत्याने बाण दाबला, एंटर केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि बटणं दाबली.

बाईचा एक सावकाश, स्वच्छ आवाज खोलीत बोलायला लागला. स्वागत असो, म्हणाला. आत्याचा पाय टेबलाखाली आपोआप पेडलवर गेला होता असं आई सांगते.

"अय्या, हे तर मलासुद्धा कळतंय!" आई म्हणाली.

आत्याने तो वेग चार मिनिटांत नेहमीच्या जागी नेला आणि आईला कळायचं बंद झालं.

बुधवारी तिने पेडल लावून बघितलं. जुन्या खाचेला नवीन सिस्टीमने काही हरकत घेतली नाही. पाय दाबला की आवाज, सोडला की शांत. पहिल्या तारखेला तिच्याकडे इतरांसारख्याच फायली आल्या. सुपरवायझरने फोन करून विचारलं की काय केलंत, आणि आत्याने एकतीस पायऱ्या सांगायला सुरुवात केल्यावर पाचवीला म्हणाली, राहू दे ताई, चालतंय ना.

बाबा खेपेवरून परत आले. मी फोनवर विचारलं, घरी सगळं ठीक? ते म्हणाले, "ठीकच म्हणायचं. सकाळी साडेसहाला दोघी एकदम स्वयंपाकघरात होत्या. मला वाटलं गॅस गळतोय."

या मशीनला नवीन सिस्टीम आपणहून वरच्या आवृत्तीवर जाऊ देत नाही. छोटे बदल येतात, पण वर्षातून एकदा मोठा बदल येतो तेव्हा तपासणी पुन्हा आडवी येते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आत्याने हे दोनदा केलंय. दुसऱ्या वेळी दीड तास लागला. आईने त्या दिवशी कामाआधीच टेबलावरची प्रत्येक तार हाताने तपासली आणि बाहेरची डिस्क स्वतः उचलून कपाटात ठेवली.

मग इतरही आले. इस्पितळातल्याच दोन टायपिस्ट, त्यांनाही दिसत नाही आणि त्यांची पेडलंही जुनी. अंध मुलींना शिकवणारी एक बाई. एका वकिलाचा कारकून. असे आणखीही काही. रविवारी लॅपटॉप यायचे. आत्या बटणं दाबायची, आई वाचायची. आठपैकी सात झाले. आठवा त्या कारकुनाचा होता, फारच जुना. तपासणी काढून टाकली तरी त्याच्या प्रोसेसरला नवीन सिस्टीमची एक आज्ञाच समजत नव्हती. त्याच्यावर पडदा काळा व्हायचा तो काळाच राहायचा. कारकून म्हणाला, अजून काही करून बघा. आत्याने दोन रविवार बघितलं. मग जुनी सिस्टीम होती तशी परत चढवून मशीन त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, याचं होणार नाही. तो चिडून गेला. नंतर त्याने कुठूनतरी दुसरं मिळवलं असं कळलं.

गेल्या थंडीत तारवाला वारला. गटात त्याच्या मुलीने कळवलं, आणि विचारलं की वडिलांच्या डिस्कवर शेकडो जुन्या फायली आहेत, टाकून देऊ का? सगळ्यात आधी आत्याने लिहिलं, टाकू नका. पार्सल आलं त्यात चार डिस्क होत्या, प्रत्येकीवर ठिपक्यांच्या लिपीत चिकटवलेली पट्टी. कुठल्या मॉडेलचं साउंड कुठे आहे, वायफाय कुठे आहे, ते आत्या एकेक करून नोंदवतेय. निम्मं झालंय. गटातल्या लोकांना आता फाइल हवी असली की ते तिला लिहितात, आणि ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत उत्तर देते.

तिने एकतीस पायऱ्या नव्याने लिहून काढल्या, त्या अडतीस झाल्या. शेवटी डोळस माणसासाठी एक वेगळं पान आहे. ते आईने सांगितलं आणि आत्याने टाइप केलं. त्यावरून दोघींचा अर्धा तास वाद झाला, कारण आईने एक वाक्य घातलं होतं: "समोरची व्यक्ती चुकत असेल तर न विचारता हात धरावा." आत्याचं म्हणणं, 'हात धरावा' नको, 'सांगावं' लिहा. आई म्हणाली, सांगेपर्यंत एंटर दाबून मोकळी होते ती. वाक्य तसंच राहिलं.

इस्पितळात आता बोलणं ऐकून आपोआप टाइप करणारा प्रोग्रॅम आलाय. आत्याचं काम बदललं. प्रोग्रॅमने टाइप केलेलं ऐकून ती तपासते. गाडीतून बोलणाऱ्या डॉक्टरच्या शिव्या तो इमानदारीने रिपोर्टात घालतो. दिवसाला शंभराच्या वर रिपोर्ट तिच्या हाताखालून जातात. लॅपटॉपची एक बिजागरी मोडली आहे, म्हणून पडदा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. आत्याची त्याला हरकत नाही.

सिस्टीम बनवणाऱ्यांनी आता पुढच्या आवृत्तीची घोषणा केली आहे. आत्याने तिची सगळी माहिती वाचली. जी आज्ञा कारकुनाच्या मशीनला समजत नव्हती तशीच एक या वेळी तिच्या मशीनला समजणार नाही, आणि तिथे कुठलीच पळवाट नाही. सध्याची आवृत्ती अजून दोन वर्षं चालेल. तिच्या निवृत्तीला तीन आहेत.

"मग मधल्या वर्षाचं काय?" मी फोनवर विचारलं.

"रजा साठलीय," ती म्हणाली. "सात महिन्यांची आहे. उरलेल्या पाचांचं बघते." मागे आईचा आवाज आला, जेवायला या म्हणून. आत्याने मला थांब म्हटलं, मग म्हणाली ठेवते, आणि फोन ठेवला.